सभेची शेगडी

ही गोष्ट सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. गुडघे दुखतात, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय, आणि शिक्षण म्हणाल तर पाटी फुटली तेव्हाच संपलं. पण शाळेतल्या बाई ओट्यावर ठाण मांडून बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, पुस्तकात घालायचीय, लिहून द्याच." चहा प्यायल्या, वर लाडूही खाल्ला, पण उठेनात. तेव्हा घ्या. लहानांनी वाचा, मोठ्यांनी तर वाचाच, आणि हे राज्य कुठलं म्हणून मला विचारत बसू नका. मी तिथे नव्हतो.

फार फार जुन्या काळी, उंच डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होतं. थंडी अशी, की सकाळी हंड्यातलं पाणी काठीने फोडून घ्यावं लागे. तिथे विस्तव म्हणजेच जीव. घरातली चूल, लोहाराची भट्टी, सरहद्दीच्या किल्ल्यावरचा जाळ, सगळं लाकडावर चाले. आणि लाकूड येई रानातून.

रान तोडून तोडून डोंगर बोडके झाले. मग ऋतूंचंही डोकं फिरलं. पाऊस यायचा तो अंगावर धावून यायचा आणि माती घेऊन जायचा. झरे आटले. उन्हाळा कधी नव्हे इतका तापू लागला. शेवटी, खालची थोडी राई सोडली, तर उरलं ते वरच्या उतारावरचं रान. त्याच्या पायथ्याशी एक वाडी होती आणि वाडीला पाणी देणारा झरा त्याच रानातून येत होता.

त्या रानाची राखण एक बाई करायची. नवरा वारला, तेव्हा त्याची कुऱ्हाड तिने आढ्याला टांगली आणि हातात काठी घेतली. तिला सगळे राखणदारीण म्हणत. तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती, आणि लेकीचं घर नेमकं उताराच्या कुशीला होतं.

एके हिवाळ्यात राजाने सभा बोलावली. प्रश्न असा, की वरचं रान राखायचं की तोडायचं?

आता या सभेची एक रीत होती. प्रश्न सुटेपर्यंत सभेतली शेगडी विझू द्यायची नाही. शेगडी केवढी? बैल बसेल एवढी. ज्याची बोलायची पाळी, त्याने शेगडीपाशी बसायचं. बाकीच्यांनी मागे. आता मला सांगा, बाहेर अंगावर काटा आणणारी थंडी, आणि शेगडीपाशी जागा मिळालेला माणूस लवकर उठेल का? तुम्ही उठाल?

पहिला बोलला किल्लेदार. आडदांड माणूस, पण आवाज खाली.

"महाराज, रान राखायचं तर विस्तव कुठून आणायचा? खिंडीपलीकडच्या राजाकडून कोळसा घ्यायचा म्हणतात. घेतला होता आपण एकदा. त्याची मर्जी फिरली आणि भर हिवाळ्यात त्याने खिंड बंद केली. माझी आई त्या हिवाळ्यात गेली. माझा अंगरखा तिच्या अंगावर घातला, घोड्याची झूल घातली. ऊब काही आली नाही. आपल्या चुलीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला मी नाही लटकू देणार."

राखणदारिणीने मान खाली घातली. माणूस खोटं बोलत नव्हता. म्हणून तर तिला त्याचा जास्त राग येत होता.

मग ती शेगडीपाशी जाऊन बसली. "महाराज, किल्लेदारांच्या आईसाठी मलाही वाईट वाटतं. पण शेजारच्या खोऱ्यात काय झालं ते मी पाहिलंय. वरचं रान गेलं, पावसाळ्यात अख्खा डोंगर खाली उतरला. गोठ्यात गुरं बांधलेली होती, ती बांधलेलीच राहिली. माझी लेक तशाच उताराखाली पोर घेऊन निजते."

किल्लेदारानेही मान खाली घातली.

खरं म्हणजे इथेच सभा संपायला हवी होती. दोघं खरं बोलले होते, दोघांनी ऐकलं होतं. पण शेगडी धगधगत होती, आणि बोलायचे राहिलेले मानकरी मागे कुडकुडत बसले होते. त्यांना पुढे यायचं होतं.

एक आला, म्हणाला, "पहिली कुऱ्हाड कुणाच्या आजोबाने घातली ते आधी ठरवा."

दुसरा आला. "खिंडीपलीकडचे आपल्यापेक्षा जास्त जाळतात. आधी त्यांना थांबवा, मग आम्हाला सांगा!"

तिसरा म्हणाला, "झरे काय, आटतात आणि येतात. माझ्या पणजीच्या काळीही एक आटला होता."

"तुमच्या पणजीने पाणी भरलं होतं का कधी?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि अर्धा दिवस पणजीवरच गेला.

असे दिवस गेले, महिने गेले. राखणदारीणही त्यात सापडली. कुणी वेडंवाकडं बोललं की तिची जीभ खाजवायची. ती पुढे जायची, हात शेकत उत्तर द्यायची. लेकीचा निरोप यायचा, "आई, एकदा येऊन जा." ती म्हणायची, "तुझ्यासाठीच इथे भांडतेय गं, जरा थांब."

एक दिवस ती बोलत होती. आवाज चढला होता, शब्द सुचत होते, लोक माना डोलवत होते. बोलता बोलता तिने तळहात जाळासमोर धरले आणि तिची नजर शेगडीतल्या एका लाकडावर गेली. जाड फांदी होती, ऐनाच्या झाडाची. सालीवर एक गुळगुळीत खाच पडलेली.

तिचं बोलणं तुटलं.

ती खाच दोरीची होती. वाडीतल्या बायका वरच्या रानात गवत कापायला जात, तेव्हा तान्ह्याची झोळी त्या एकाच फांदीला टांगत. तिच्या आईने तिला तिथेच टांगलं होतं. तिने लेकीला. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात लेकीने आपल्या बाळाला.

तिने हात घालून ती फांदी जाळातून ओढली. तळवा भाजला. "हे लाकूड कुठून आलं?"

कोठावळा, म्हणजे सरकारी कोठाराचा कारभारी, पुढे आला. बिचारा घाबरला होता. "बाई, कोठार कधीच रिकामं झालं. सभा चालू आहे तोवर शेगडी विझवायची नाही, ही रीत. मग मी वरच्या रानातून आणवलं."

"वरच्या रानाचाच तर निकाल लागायचा होता!"

"तेच म्हणतो मी. निकाल लागला नव्हता, म्हणजे तोडायची बंदीही नव्हती."

किल्लेदार उठून उभा राहिला. "मी हे सांगितलं नव्हतं, बाई. आईची शपथ."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलं, मीही नाही सांगितलं. आपण दोघं शेकत होतो."

राजाच्या आसनाशेजारी पाण्याची घागर होती. तिने ती उचलली आणि शेगडीवर पालथी केली.

चर्रर्र आवाज झाला. धूर छतापर्यंत गेला. मानकरी ओरडले, "रीत मोडली! रीत मोडली!" पण ओरडायला तोंड उघडलं की थंडी घशात जायची, म्हणून लवकरच गप्प झाले. राजाने पाय आसनावर ओढून घेतले. सबंध हिवाळ्यात त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपल्या राज्यात थंडी आहे.

"किल्लेदार," राजा म्हणाला, दात वाजत होते त्याचे, "तुम्हाला नेमकं काय हवंय? थोडक्यात सांगा."

"खिंड बंद झाली तरी एक हिवाळा निघेल एवढा कोळसा आपल्या किल्ल्यात भरलेला असावा. एवढंच."

"आणि बाई, तुम्हाला?"

"वरचं रान सोडा. खालची राई पाळीपाळीने तोडा आणि तोडाल तिथे लावा. चार घरांनी मिळून एक भट्टी पेटवली तर लाकूडही कमी लागेल. एवढंच."

राजाने दोघांकडे पाहिलं. "मग यात भांडण कुठे आहे?"

किल्लेदाराने राखणदारिणीकडे पाहिलं. राखणदारीण भाजलेल्या हाताकडे पाहत होती. "भांडण फार नव्हतं, महाराज," ती म्हणाली. "ऊब होती."

उन्हं कलायच्या आत निकाल झाला. कोळसा घ्यायचा, पण साठा आपल्याकडे ठेवायचा. रान राखायचं. राखणदारीण तशीच वर पळाली.

अर्धा उतार उघडा पडला होता.

त्या पावसाळ्यात तो अर्धा उतार खाली आला. किल्लेदाराने आपली माणसं आणून लेकीला आणि तान्ह्याला आधीच हलवलं होतं, तो स्वतः बाळाला छातीशी धरून खाली उतरला. जीव वाचले. घर गेलं. आणि वाडीचा झरा जो बुजला, तो परत आला नाही. पुढे लेक पाण्याला पलीकडच्या खोऱ्यात जायची, आणि राखणदारीण जमेल तितके दिवस तिचा एक हंडा उचलायची. लेक आईला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

उरलेलं अर्धं रान मात्र राहिलं. पुढे खिंड एकदा खरंच बंद झाली, तेव्हा किल्ल्यातल्या कोळशावर सगळ्या म्हाताऱ्या तरल्या. त्या सभेत नंतर कुणी शेगडी पेटवली नाही. प्रश्न कितीही मोठा असो, लोक बसायचे, कुडकुडायचे, आणि मुद्द्याचं बोलून उठायचे.

तात्पर्य: वाद जरूर घाला, पण ज्याच्यासाठी वाद घालताय तेच जाळून शेकत बसू नका.

हेच सांगायला मी आमच्या ग्रामसभेत उठलो होतो. तेव्हा भरसभेत "म्हातारबा, खाली बसा, तुम्हाला काय कळतंय यातलं" असं म्हणून ज्याने माझं धोतर ओढून मला बसवलं, आणि ज्याने अजून माझी माफी मागितलेली नाही, तो माणूस म्हणजे सर्जेराव डुबल.