डोमाजीची मोटार काळगोट्याला निघाली

एका गावात एक भोळा माणूस राहत होता आणि त्याच्याकडे मोटार होती. भोळी माणसं गावोगाव असतात. मोटारवाला भोळा मात्र आमच्याकडे तो एकच.

त्याचं नाव डोमाजी. गावातल्या डॉक्टरांची काळी, जुनी, पायरीवाली मोटार त्याने वीस वर्षं धुतली, पुसली आणि चालवली. डॉक्टर वारले. डॉक्टरीणबाई मुलाकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी मोटारीची किल्ली डोमाजीच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "ही तुझी. पण हातची सोडू नकोस."

डोमाजी चार दिवस किल्ली मुठीत धरून बसला. जेवला डाव्या हाताने. पाचव्या दिवशी बायकोने सांगितलं, की बाई मोटारीबद्दल बोलत होत्या. मग तो रात्रंदिवस मोटारीला हात लावून उभा राहिला. ते सोडवायला आणखी दोन दिवस गेले.

ही बायको, वच्छला, शहाणी होती. तिचे वडील उरकुडाजी काळगोट्याच्या मॅंगनीजच्या खाणीवर मुकादम. खाण बंद पडली त्याच वर्षी त्यांनी घाईघाईने मुलीचं लग्न लावून दिलं. पहिल्या दिवाळीला जावई घरी आला. उरकुडाजी प्रेमाने म्हणाले, "या जवाईबुवा, हे घर तुमचंच समजा."

डोमाजीने समजलं. सकाळी उठून त्याने मागची भिंत पाडायला घेतली. तिथं त्याला मोटारीसाठी छप्पर घालायचं होतं.

उरकुडाजींनी पडलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि ते मुलीला म्हणाले, "वच्छे, तुझा नवरा ज्या दिवशी शहाणा होईल, त्या दिवशी मी तुझ्या घरी जेवायला येईन. तोवर पाय ठेवणार नाही."

सहा वर्षं झाली. म्हातारा आला नाही. वच्छला दर सणाला एक ताट जास्तीचं वाढायची. मग तसंच उचलून ठेवायची.

आता ही झाली घरची गोष्ट. तिकडे शहरात जुन्या मोटारी बाळगणाऱ्या मोठ्या लोकांचं एक मंडळ होतं. त्यांचे अध्यक्ष दादासाहेब टेंभेकर. रिटायर इंजिनीयर. जन्मभर रस्ते बांधले. मंडळाने ठरवलं, की एक दिवसाची सहल काढायची. सगळ्यांनी रांगेने काळगोट्याला जायचं आणि जुनी खाण बघायची. बंद पडलेली खाण बघायला चालू मोटारी घेऊन जायचं, असं ते होतं.

मोटारी अकरा जमल्या. कापडी फलक मात्र छापून आला 'बारा मोटारी' असा. फलक बदलण्यापेक्षा एक मोटार शोधावी, असं मंडळात एकमताने ठरलं. म्हणून दादासाहेब डोमाजीच्या दारात आले.

काळगोट्याचं नाव ऐकलं आणि वच्छला आतूनच म्हणाली, "हो म्हणा जी!" तिने वडिलांना निरोप धाडला. 'हे शहरातल्या शिकलेल्या लोकांसोबत येऊन राहिले. खाणीजवळ गावाचा फाटा आहे, तिथं उभे राहा. एकदा डोळ्यानं बघा.'

निघायच्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "आज बाबा बघतील. तुमच्या पाया पडते, आज आपल्या मनानं काही करू नका. हे लोक शिकलेले आहेत. ते सांगतील तेवढंच करा."

"तेवढंच करतो," डोमाजी म्हणाला. आणि त्याने तेवढंच केलं.

सकाळी सहाला शहरातल्या मैदानावर बारा मोटारी उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. गळ्यात नियमांचं कार्ड. दादासाहेबांनी शिट्टी फुंकली आणि नियम वाचला. "पुढच्या गाडीला सोडायचं नाही. ती जाईल तिकडे जायचं. काहीही झालं तरी!"

डोमाजीचा नंबर शेवटचा. शेजारी वच्छला बसलेली. त्याच्या पुढे खापरे वकील. चार मैल गेल्यावर वकिलांच्या लक्षात आलं, की दातांची कवळी घरीच राहिली. पुढे तर्री-पोह्यांचा बेत होता. वकिलांनी गुपचूप गाडी वळवली. डोमाजीनेही वळवली. वकील शहरात शिरले, गल्लीत शिरले, घरासमोर थांबले. डोमाजी त्यांच्या मागे थांबला. वकील आत जाऊन कवळी लावून आले. गल्ली अरुंद. परत निघायचं तर गाडी मागे घ्यावी लागत होती, आणि मागे डोमाजी.

"मागं घ्या हो!" वकील म्हणाले.

"तुम्ही घ्या जी आधी. मी तुमच्या मागं आहे."

"अहो, तुम्ही मागे आहात म्हणूनच मला घेता येत नाही!"

"सोडायचं नाही असं सांगितलं आहे."

वकिलांनी तीस वर्षं कोर्टात वाद घातला होता. इथं त्यांना मुद्दा सुचेना. वरून वकीलीणबाई म्हणाल्या, "आज तुम्हाला कुणीतरी भेटला बाई!" शेवटी वच्छलेने उतरून हाताने मोटार ढकलली, तेव्हा गल्ली मोकळी झाली.

तिकडे दहा मोटारी तासभर उन्हात उभ्या. दादासाहेब लाल झाले होते. "डोमाजी, कुणी वळलं म्हणून आपण वळायचं नसतं! कोणी कुठेही वळो. आपण सरळ जायचं. समजलं?"

"समजलं जी."

पुढे आठ मैलांवर रस्ता डावी-उजवीकडे फुटला. काळगोट्याचा रस्ता डावीकडे. एकामागून एक अकरा मोटारी डावीकडे वळल्या.

"बघ वच्छला," डोमाजी म्हणाला, "सगळेच काही ना काही घरी विसरले." आणि तो सरळ गेला.

"अहो, डावीकडे! डावीकडे!" वच्छला ओरडत होती.

सरळ रस्ता नव्हता. सरळ मिरचीचं खळं होतं. अर्धा एकर लाल मिरची वाळत घातलेली. मोटार या टोकाने शिरली आणि त्या टोकाला थांबली. मग सगळे शिंकायला लागले. बायका शिंकल्या, कुत्री शिंकली, डोमाजी शिंकला. मोटारीनेही दोनदा झटका दिला म्हणतात, पण ते मला खरं वाटत नाही.

खळ्यावरची म्हातारी कमरेला पदर खोचून आली. "काऊन रे बापा! डोळे घरी ठेवून आला का? दुसऱ्याच्या खळ्यात शिरायच्या आधी माणसानं उतरावं, हात जोडावे, इचारावं, 'बाई, जाऊ का?' "

"चुकलं माय," डोमाजी म्हणाला. "आता विचारीन."

वच्छलेने म्हातारीबरोबर बसून तासभर मिरची सारखी केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं किती आणि दुसरं किती, ते तिलाच ठाऊक. मोटार लाल चाकांनी मागे फिरली आणि पुढच्या चौकात वाट बघत थांबलेल्या मंडळींना तिने गाठलं.

चौकात एक हवालदार होता. एकसारख्या टोप्या बघून त्याला वाटलं, कुणी मंत्री चालला आहे. त्याने सगळी वाहनं अडवली आणि रांगेला वाट दिली. अकरा गेल्या. डोमाजीला त्याने हात हलवून बोलावलं, "चला, चला!"

डोमाजी उतरला. हात जोडले. "साहेब, जाऊ का?"

"हो, जा ना!"

डोमाजी ट्रकवाल्यापाशी गेला. "दादा, जाऊ का?" मग सायकलवाल्यापाशी. मग एसटीत चढला आणि प्रत्येक सीटपाशी जाऊन विचारलं. एक म्हातारा झोपला होता, त्याला उठवून विचारलं. चौकात दोन म्हशीही होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून तिथं जरा वेळ लागला.

तीन बाजूंनी भोंगे वाजायला लागले. हवालदार घामाघूम झाला. तो डोमाजीच्या कानाशी येऊन ओरडला, "अरे महाराजा! समोर हात हलला की निघायचं! विचारायचं नाही, थांबायचं नाही, गाडी दामटायची! एवढं डोक्यात ठेव!"

डोमाजीने ठेवलं.

काळगोटा दोन मैल राहिला असताना तळ्याकाठी मोहाच्या झाडाखाली मंडळी थांबली. तर्री-पोहे निघाले. फोटोवालाही आणला होता. डोमाजीची मोटार सगळ्यांत काळी आणि चकचकीत. तेव्हा ठरलं, की दादासाहेबांचा फोटो तिच्यासोबत काढायचा. डोमाजी आणि वच्छला आत बसलेले. दादासाहेबांनी एक पाय मोटारीच्या पायरीवर ठेवला. एका हातात पोह्यांची बशी. पांढरा कोट. नजर लांब, जणू खाण त्यांनीच खणली.

फोटोवाल्याने हात हलवला. "साहेब, जरा हसा!"

हात हलला. डोमाजीने गाडी दामटली.

दादासाहेबांचा एक पाय पायरीवर होता, तोच गेला. दुसरा मागून आला. तळ्याला अर्धी फेरी होईपर्यंत ते दाराला लटकून ओरडत होते. वच्छलेने आतून त्यांचा कोट धरून ठेवला होता. बशीतली तर्री कोटावर आली. फोटो मात्र झकास निघाला. दादासाहेब इतके हललेले कुणी कधी पाहिले नव्हते.

"याला मागे ठेवला हीच चूक झाली!" खाली उतरून दादासाहेब म्हणाले. "याला सगळ्यांच्या पुढे घाला. मी सगळ्यांच्या मागे राहतो. म्हणजे सगळ्यांवर नजर राहील."

"पुढे घालू नका, साहेब," वच्छला हळूच म्हणाली. "फाट्यावर माझे बाबा उभे आहेत."

"बाई, मी चाळीस वर्षं माणसं हाताळली आहेत."

डोमाजीने विचारलं, "साहेब, मी पुढे, तर मग मी कोणत्या गाडीला सोडायचं नाही?"

दादासाहेब कोट पुसत होते. "जी दिसेल तिला! जा आता!" मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "खाणीवर धूळ फार आहे. आपल्या पुढची गाडी सोडून कुठेही बघायचं नाही. पुढची थांबली की थांबायचं. शिस्त म्हणजे शिस्त!"

काळगोट्याची खाण मोठी. जमिनीत परातीसारखा खड्डा, तळाला हिरवं पाणी, आणि वरून काठाकाठाने गोल रस्ता, अर्ध्या मैलाचा. पूर्वी त्यावरून मालाच्या गाड्या फिरत. तळ्याकडून येणारी वाट एका बाजूने या गोलात मिळते, आणि गावाचा फाटा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्या फाट्यावर उरकुडाजी उभे होते. धुतलेलं धोतर, हातात झेंडूचा हार, सोबत खाणीतले तीन जुने गडी.

सगळ्यांत पुढे जावयाची मोटार आलेली त्यांनी बघितली. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. बाराजणांत जवाई पहिला! त्यांनी हात वर करून हलवला. "थांबा, जवाईबुवा, इकडे वळा!"

हात हलला. डोमाजीने गाडी दामटली.

"अहो, बाबा! बाबा मागे राहिले!" वच्छला म्हणाली.

"हात केला त्यांनी. निघायला सांगितलं."

त्याच्या मागून दहा मोटारी धुळीत तशाच सरळ गेल्या. तोवर डोमाजी गोल फिरून तळ्याच्या वाटेपाशी आला. समोर धुळीत एका मोटारीची मागली बाजू दिसली. ती सगळ्यांत शेवटी येणारी दादासाहेबांची मोटार होती.

डोमाजीला फार बरं वाटलं. "सापडली एकदाची!" तो म्हणाला, आणि तिच्या मागे लागला.

आता प्रत्येकाच्या पुढे एक मोटार होती. कुणाला काही चुकतंय असं वाटलं नाही.

मोटारी चालल्या होत्या बैलगाडीच्या चालीने. दुसऱ्या फेरीला फाटा आला तशी वच्छला दार उघडून चालत्या मोटारीतून उतरली आणि वडिलांजवळ जाऊन मान खाली घालून उभी राहिली. म्हातारा फिरत्या मोटारींकडे बघत राहिला.

तिसरी फेरी झाली. गड्यांनी "अहो, इकडे!" म्हणून हाका मारल्या. खापरे वकिलांना वाटलं, जयजयकार चालला आहे. त्यांनी समोरच्या मोटारीवरून नजर न काढता नमस्कार केला. चौथी फेरी झाली. दादासाहेबांच्या बायकोचा आवाज ऐकू आला, "अहो, इथली माणसं किती चांगली! दर वळणावर हार घेऊन उभी आहेत."

"वच्छे," उरकुडाजींनी विचारलं, "हे सगळे शिकलेले?"

"हो बाबा. एक वकील आहेत, दोन डॉक्टर, एक प्रोफेसर. ते मागचे इंजिनीयर."

"आणि यातला पहिला कोण?"

वच्छलेने बघितलं. "सांगता येत नाही, बाबा."

पाचवी फेरी झाली. मग म्हाताऱ्याने हार मुलीच्या हातात दिला.

"उद्या येतो तुझ्याकडे जेवायला."

वच्छलेचा विश्वास बसेना. "पण बाबा, हे शहाणे कुठं झाले अजून?"

"नाही झाले. पण पोरी, याच्याहून शहाणा जवाई मी आणणार कुठून? होते नव्हते तेवढे सगळे शहाणे याच्याच मागं फिरून राहिले."

तेवढ्यात सहाव्या फेरीला दादासाहेबांची मोटार फाट्यावर आली. दादासाहेबांनी काच खाली घेतली, समोरच्या मोटारीवरची नजर न हलवता तोंडावरची धूळ पुसली, आणि म्हाताऱ्याला विचारलं,

"काका, हे काळगोटा गाव अजून किती लांब आहे हो?"