चुटकीएवढा अणू

“म्हणजे तो अणू नाहीच म्हणतोस?”

“नाही, सर. अख्खा उन्हाळा अणुकेंद्रांचा झोत चालवला. एकदाही खूण उमटली नाही. यशोधराचा दावा खोटा आहे.”

टिपणीस सर व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. यशोधरा आणि उद्धव, दोघेही त्यांचेच विद्यार्थी. दोन अणुकेंद्रं एकमेकांवर आदळवून आपण एक नवं जड मूलद्रव्य घडवलं, असं तिने जाहीर केलं होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून दुजोरा दिल्याखेरीज असा शोध कोणी मानत नाही. ते काम उद्धवकडे आलं होतं.

“झोताची ऊर्जा तिने ठेवली तेवढीच ठेवलीस?”

“...थोडी वाढवली.”

“का?”

“तिच्या आकड्यावर यंत्र चालवायला मी काय तिचा हरकाम्या आहे? म्हटलं, तिला एक अणू मिळाला, आपण दहा काढू.”

“ऊर्जा जास्त झाली की जुळलेली केंद्रं तापून फुटतात. हे तुला कोणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“बरं. मला वाटलं, शिकवायचं राहूनच गेलं की काय.”

उद्धवने मान खाली घातली. सरांनी मूठभर दाणे त्याच्यापुढे सरकवले. त्याने घेतले नाहीत.

“पुन्हा चालव. तिच्या आकड्यावर.”

“आणि सापडला तर? नाव ठेवायचा मान तिचा. ती कोणाचं नाव ठेवणार आहे, ठाऊक आहे? तुमचं! ते मला ठेवायचं होतं, सर... पहिल्या बाकावर मी बसायचो. ती तर रोज उशिरा यायची.”

“यायची. आणि तू दाराला आतून कडी लावायचास.”

उद्धव शेंगांची टरफलं गोळा करू लागला.

“माझंच नाव म्हटल्यावर,” सर म्हणाले, “मी तुला सांगणंही आता बरं दिसत नाही. तरी चालव.”

“मनच होत नाही, सर.”

“किती टिकतो तो अणू?”

“चुटकी वाजायच्या आत संपतो.”

सरांनी चुटकी वाजवून पाहिली. आखडलेल्या बोटांतून आवाज निघाला नाही.

“तेवढाच वेळ तिचं भलं चिंत. जास्त मागत नाही.”