काट्याला न सांगितलेली गोष्ट

"पण का नाही, वस्ताद? एक कारण तरी द्या."

गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून दस्तगीर वस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले.

धैर्यशील त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. कोल्हापूरच्या याच शेडमध्ये तो पाना धरायला शिकला. पुढं पुण्यात जाऊन त्यानं जुन्या गाड्यांचा मोठा कारखाना काढला. आणि नाव झालेला शिष्य गुरूच्या दारी जसा येतो, तसाच तो आज आला होता. पाया पडायला कमी, काम दाखवायला जास्त.

गाडी छप्पन सालची, काळी, विलायती. मालकीण अक्कासाहेब. घाट चढायला गाडी दांडगी, पण सपाट हमरस्त्यावर जरा दामटली की इंजिन बोंबलायचं. धैर्यशीलनं तिच्या मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी काढली. गॅरेजवाले तिला क्राउन म्हणतात. तिच्या जागी त्यानं वेगळ्या दातांचा क्राउन बसवला. आता इंजिन तेवढंच फिरलं तरी चाकं जास्त फिरत होती. पुण्याहून येताना गाडीत बसून कुजबुजलं तरी ऐकू येत होतं, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

उद्या अक्कासाहेब दोन नातींना घेऊन याच गाडीतून आंबा घाट उतरणार होत्या. रत्नागिरीला जुन्या गाड्यांचा मेळा होता. त्यांनी धैर्यशीलला एकच अट घातली होती. दस्तगीरभाई हो म्हणाले, तरच नाती गाडीत बसतील. नाती बसल्या, तर त्यांच्या बंगल्यातल्या बाकीच्या गाड्याही त्याच्या कारखान्यात जातील. गाड्या आपल्याकडेच येणार, असं तो पुण्यात चारचौघांत सांगून बसला होता.

वस्तादांनी गाडी खालून पाहिली होती. आसाला कान लावून आवाज ऐकला होता. काम स्वच्छ आहे, असंही म्हणाले होते.

आणि मग म्हणाले होते, नाही.

"वय झालं की माणसाला जुनं तेच बरं वाटतं," धैर्यशील म्हणाला. "तुम्हाला वेगाचं भ्या वाटतंय, असं समजू का मी?"

शेडमधले हात थांबले. वस्तादांशी या सुरात कुणी बोललेलं तिथं कुणाला आठवत नव्हतं.

"समज की," वस्ताद म्हणाले. बशी खाली ठेवून ते उठले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "पन्हाळ्याला चल."

चढ लागला. गाडी जराशी कुरकुरली. धैर्यशीलनं खालचा गिअर टाकला आणि ती चढू लागली. तो जिंकल्यासारखा हसला. मग वाटभर तोच बोलत होता. गाडीचं वजन किती, चढ किती, इंजिनाची ताकद किती, याचं गणित त्यानं कसं मांडलं. पुण्यात आता या कामासाठी लोक कसे ताटकळत बसतात. बदल म्हटला की जुन्या मिस्त्र्यांच्या कपाळाला कशी आठी पडते. हा शेवटचा टोमणा त्यानं रस्त्याकडं बघत मारला, वस्तादांकडं नाही.

वस्ताद ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. त्यांचे डोळे मात्र टक्क उघडे होते.

घाटमाथा आला.

"वळव," वस्ताद म्हणाले.

उतार सुरू झाला. धैर्यशीलनं सवयीनं पाय उचलला. ही गाडी त्याला पोरवयापासून ठाऊक होती. पाय उचलला की इंजिनच तिला मागं ओढून धरायचं, आणि ब्रेकला नुसतं शिवत अख्खा घाट उतरता यायचा.

आज पाय उचलला, आणि गाडी धावतच राहिली.

त्यानं ब्रेक दाबला. दुसरा गिअर टाकला. इंजिननं धरलं खरं, पण दमलेल्या माणसानं दोरी धरावी तसं. नव्या क्राउननं इंजिनाचा भार हलका केला होता, तसा गाडीला मागं ओढायचा त्याचा जोरही कमी केला होता. पुन्हा ब्रेक. वळणावर टायर किंचाळले.

"किती आहे?" वस्तादांनी विचारलं.

"तीस मैल."

"कोण सांगतंय?"

"काटा सांगतोय, वस्ताद. समोर दिसत नाही का?"

"दिसतोय..."

आणखी एक वळण गेलं.

"क्राउन बदललास. काट्याला सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. काट्याची तार गिअरबॉक्समधून निघते. मागं आसात काय बदललं, हे तिला कधीच कळत नाही. काटा अजून जुन्याच दातांवर वेग मोजत होता. तीस म्हणजे सदतीस होते. एवढा वेळ प्रत्येक वळणाआधी तो याच काट्याकडं बघून निर्धास्त होत आला होता.

जळका वास आत आला. ब्रेकवर पाय ठेवला तर तो लोण्यात गेल्यासारखा खाली गेला.

पुढच्या वळणापलीकडं एसटीचा हॉर्न वाजला.

त्यानं हँडब्रेक ओढला. पहिला गिअर कोंबला. आतले दात करकरले. डोंगराच्या बाजूला स्टिअरिंग पिळलं. काळा पत्रा दरडीला घासत गेला, पुढचं चाक गटारात बसलं आणि गाडी थांबली. एसटी शेजारून वर गेली. खिडक्यांतली तोंडं बघत गेली.

...

चारी चाकांतून धूर निघत होता.

"चढाचं सगळं गणित केलं होतं मी," धैर्यशील म्हणाला.

"हं."

"उताराचं..."

वस्ताद गाडीतून खाली उतरले.

खरं म्हणजे आता कुणाकडं चूक कबूल करायची गरजच नव्हती. ब्रेक नवे टाकतो म्हणता आलं असतं. वस्तादांनी अडवलं, असंही सांगता आलं असतं. धैर्यशीलनं खिशातून फोन काढला आणि अक्कासाहेबांना लावला. उद्या गाडी जाणार नाही, म्हणाला. नाही, दस्तगीरभाईंचं म्हणणं नाही हे, माझंच आहे. नातींना या गाडीत मी बसवणार नाही. चूक माझ्या हातून झालीय. पलीकडून बाकीच्या गाड्यांचा विषय निघाला. तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच तो म्हणाला. मग तो नुसताच ऐकत राहिला, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

वस्ताद दरडीला टेकून उभे होते. बराच वेळ गेला. चाकं हात लावण्याइतकी निवली. वाटेनं जाणाऱ्या दोघांनी हात दिला आणि गाडी गटारातून वर निघाली. ब्रेक पुन्हा धरू लागला होता. उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये, रांगत उतरायचा होता.

धैर्यशीलनं स्टिअरिंगच्या बाजूचं दार वस्तादांसाठी उघडून धरलं.

"तुम्ही चालवा, वस्ताद. माझे हात कापताहेत."

वस्तादांनी त्याच्या हातांकडं पाहिलं. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि नाती जिथं बसणार होत्या तिथं जाऊन बसले. डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली.

"कापू देत," ते म्हणाले. "आता मला झोप लागंल."