ठकी तांबटणीचा हंडा

आटपाट चार गावं होती. कोंभळी, खडकवण, हिरडेवाडी आणि चिंचघर. चारी गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथं, नदीच्या काठाला, एक तांबट राहायचा. त्याचं नाव नथू, बायकोचं नाव ठकी, आणि त्यांना एकुलती एक लेक, तानी. नथू हातोडीचा पक्का, पण तोंडानं मुकाच म्हणा. त्याच्या वाटणीचं बोलणंही देवानं ठकीलाच दिलं होतं, असं म्हणतात. भांडं घडवायचं असलं की चारी गावं म्हणायची, तांबट आमचा. तांबटाच्या घरी नड आली की म्हणायची, तांबट त्यांचा.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. तेव्हा या चार गावांचं एकमेकांशी काही म्हणता काही पटायचं नाही. कोंभळीनं नदीवर लाकडी साकव बांधला, तो अर्धाच. पुढची हद्द खडकवणची. मग खडकवणनं आपल्या बाजूनं बांधला, तोही अर्धाच, आणि मुद्दाम जरा वरच्या अंगाला. माणसं अर्ध्यापर्यंत ऐटीत चालत जायची, मग धोतर वर धरून पाण्यात उतरायची, आणि पलीकडच्या साकवावर चढून पुन्हा ऐटीत चालायची.

लग्नातही तीच गत. मोठं भांडं कुणाकडंच नाही. पन्नास तपेल्यांत भात शिजायचा, एकातला कच्चा, दुसऱ्यातला करपलेला. पाव्हणे अर्धपोटी उठायचे आणि घरी जाऊन भाकरी थापायचे.

अशात तानी लग्नाची झाली. घाटाखालच्या बाळोजी तांबटाचा केरू तिला बघायला आला आणि बघता बघता गरम सांडशीवर हात ठेवून बसला, तरी त्याला भाजलं ते कळलं नाही. पोरापोरीची पसंती झाली. पण बाळोजी मान हलवेना.

"पोर सोन्यासारखी आहे, विहीणबाई," तो म्हणाला, "पण तिला भाऊ नाही. मांडवात नवरदेवाचा कान कोण पिळणार? दिवाळीला तिला न्यायला मुराळी कोण येणार? उद्या तिच्यावर वेळ आली तर पाठीशी कोण?"

"चार गावं आहेत की!" ठकी म्हणाली.

बाळोजी पोट धरून हसला. "ज्यांना एक साकव पुरा होईना, ती गावं? बरं, ऐका. चारी गावं तुमच्या मांडवात एका पंगतीला जेवली तर सून घेऊन जाईन. एक जरी गाव उठून गेलं तर आम्हीही उठू."

"ठरलं," ठकी म्हणाली. तानीनं आतून डोळे पुसले आणि आईकडं बघत राहिली.

त्याच आठवड्यात कोंभळीचा धोंडजी पाटील आला. "ठके, आमच्या गावाला असा हंडा घडव, की या खोऱ्यात त्याच्याहून मोठा दुसरा नसावा."

"दिला शब्द. तांबं आणून टाका."

त्याची पाठ फिरते न फिरते तोच खडकवणचा पाटील आला. मग हिरडेवाडीचा. मग चिंचघरचा. चौघांचं मागणं एकच, आणि ठकीनं चौघांना शब्दही तोच दिला. गावोगावच्या फुटक्या घागरी, चेपलेली घंगाळं येऊन पडली. नथूनं ढीग बघितला आणि त्या वर्षातलं पहिलं वाक्य बोलला, "अगं, सगळ्यात मोठे हंडे चार कसे होतील?"

"चार कशाला?" ठकी म्हणाली. "एकच होईल."

मग हातोडी सुरू झाली. तिचा ठोका चारी गावांत ऐकू जायचा आणि रडकी पोरं त्या तालावर झोपी जायची, असं म्हणतात. नथू शिडी लावून हंड्यात उतरायचा, ठकी त्याची भाकरी दोरीनं आत सोडायची. कुणाचं तरी चुकलेलं वासरू सगळ्या रानात शोधलं, ते हंड्यात बसून रवंथ करताना सापडलं, असंही म्हणतात.

लग्नाचा दिवस उजाडला. ठकीनं चौघा पाटलांना सांगावा धाडला होता, लग्नाला या, आणि आपला हंडा बघून जा. चारी गावं लोटली. बघतात तर काय, चुलाणावर डोंगराएवढा हंडा, आत भात रटरटतोय, आणि हंडा एकच!

"हा कुणाचा?" धोंडजी पाटील गरजला.

"तुमचा," ठकी म्हणाली.

"मग आमचा कुठाय?" बाकीचे तिघे ओरडले.

"हाच तुमचाही. मी शब्द काय दिला होता? खोऱ्यात याच्याहून मोठा नसावा. दाखवा बरं याच्याहून मोठा! चौघांचा शब्द पाळला, एकाचाही मोडला नाही."

पाटलांची तोंडं लाल झाली. "चला रे, उठा!" म्हणून चौघांनी आपापल्या माणसांना हाका घातल्या. तिकडं बाळोजीनंही उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. बोहल्यावर तानी अंतरपाटाआडून डोकावून बघू लागली. आणि तेवढ्यात मांडवात वास आला. भात तळाला लागत होता.

बोहल्यावरून तानीच ओरडली, "अहो, भांडा मागनं! आधी हंडा उतरवा!"

कोंभळीची माणसं धावली. कड्यांत दांडा घालून जोर लावला. हंडा हलेना.

"सरका, हे दूध पिणाऱ्यांचं काम आहे, ताक पिणाऱ्यांचं नव्हे," खडकवणवाले म्हणाले. त्यांनीही लावला. हंडा नुसता करकरला. मग हिरडेवाडी धावली. मग चिंचघरच्यांना बघवेना, तेही धावले. चार गावांचे खांदे दांड्यांखाली गेले, आणि हंडा फुलासारखा वर आला. काही म्हणतात, माणसांनी उचलला. काही म्हणतात, तो आपणहून उठला. त्याला तेवढंच बघायचं होतं.

झाकण काढलं तर एक शीतही करपलेलं नव्हतं. वाफ तीन डोंगरांवर गेली. त्या दिवशी चारी गावं एका पंगतीला बसली, पाव्हणे जेवले, वाटसरू जेवले, आणि हंड्याचा तळ काही दिसेना, असं म्हणतात.

जेवणं झाल्यावर पुन्हा सवाल, हंडा ठेवायचा कुठं? ठकीनं हंडा दिला कोंभळीला, झाकण खडकवणला, दांडे हिरडेवाडीला, आणि माणसाएवढं ओगराळं चिंचघरला. "आता भांडा," म्हणाली.

पुढच्या साली चारी गावांनी एकाच मुहूर्ताला लग्नं काढली. एकाकडं हंडा पण उचलायला दांडे नाहीत, एकाकडं नुसतं झाकण, चिंचघरवाले ओगराळं घेऊन वाढायला उभे, पण वाढणार काय? आधी शिव्या झाल्या, मग हसू फुटलं. तेव्हापासून तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चारी गावं आपापला भाग घेऊन शिवेवर जमतात, हंडा जोडतात, आणि वर्षाची लग्नं मिळून ठरवतात. हंडा नदीपार न्यायचा म्हणून साकवही एकच झाला, पुरा झाला. आता तिथं साकवाच्या जागी पूल आहे. चार ग्रामपंचायतींची पाण्याची टाकी एक, दवाखान्याची गाडी एक, आणि त्यांचं सगळं ठरतं ते हंड्यापाशीच. एखादा सरपंच अडून बसला तर म्हातारी माणसं म्हणतात, "बाबा रे, भात लागतोय."

आणि तानी? तिच्या लग्नात कान पिळायची वेळ आली, तेव्हा चारी गावांतून एकेक जण पुढं आला. कान दोन, पिळणारे चार. केरूचे कान नागपंचमीपर्यंत लाल होते, असं म्हणतात. बाळोजी हात जोडून म्हणाला, "पुरे, विहीणबाई, पाठीशी कोण ते कळलं!" आजही या चार गावांत नवरदेवाचा कान चौघं पिळतात, गावाचा एकेक.

पहिल्या दिवाळीला घाटाखाली तानी दारात रांगोळी घालत होती. घुंगरं वाजली म्हणून तिनं मान वर केली. एकामागं एक चार बैलगाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीत एकेक मुराळी, आणि चौघं एकमेकांना दटावत होते, "आधी आमच्याकडं!" बिनभावाची लेक होती ती. तिला चार माहेरं झाली. तशी तुम्हां आम्हां सगळ्यांच्या लेकींना होवोत.