बदामाचा उतार

त्या राज्यात सगळे फिरत होते आणि कुणीच कुठे पोचत नव्हते. राज्य मुठीत मावेल एवढे, पण थाट असा की पाहणाऱ्याने तोंडात बोटे घालावीत. चाकांना बसायला माणकांच्या बैठकी, पट्ट्यांच्या कडा हाताने घासून उजळलेल्या, आणि जी बाजू कुणाला कधी दिसणार नाही तीही आरशासारखी. इतक्या श्रीमंतीत कुरकुर करणार कोण? ऐकू आलीच, तर लगेच तेल घालत.

राज्याच्या मधोमध एका उभ्या दांड्यावर दोघे राहत. वर, उजेडात, धाव नावाची सडसडीत सुई. खाली, तबकडीआडच्या अंधारात, बदाम. बदाम म्हणजे पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पोलादी चकती. बाकी सगळे गोल किंवा दातेरी, हा एकटाच असा. घडवणाऱ्याने आपल्याला हृदय दिले, याचा त्याला फार अभिमान होता.

धावेचे काम एकच. वरची कळ दाबली की धावायचे, पुन्हा दाबली की थांबायचे. मग खालची कळ दाबली जाई, हातोडी बदामावर पडे, तो फिरे आणि त्याच्याबरोबर धाव झटक्यात शून्यावर येई. शून्यावर आली की तिला काहीही आठवत नसे. म्हणून थांबणे आणि हातोडी यांच्यामध्ये जो काय वेळ मिळे, तेवढ्यात ती वर पाहिलेले बदामाला सांगून टाकी. अशा किती हकिगती त्याच्यापाशी साठल्या होत्या, आणि तिच्यापाशी एकही नव्हती.

एकदा ती बेचाळिसाव्या सेकंदावर थांबली ती थरथरतच.

"अरे, शर्यतीत वळणावर एक घोडा पडला," ती म्हणाली. "स्वार त्याच्याखाली सापडला. सगळे पहिल्या घोड्याकडे बघत होते. एकानंही मान वळवली नाही रे. माझ्याशिवाय कुणी पाहिलंच नाही!"

"मी ठेवतो लक्षात."

"तू अंधारात. तुला कोण विचारतंय? या वेळी मला पुसू देऊ नकोस."

बदाम हबकला. असले मागणे त्या राज्यात कुणी मागितले नव्हते. त्याने हातोडीला विनवले, "मावशी, आज जरा हळू."

हातोडी स्वभावाने वाईट नव्हती. "मी कुठं मारते, बाळा? मला ढकलतात, मी पडते. तूच अंग आखडून धर की."

कळ दाबली गेली. बदामाने सारे बळ एकवटले. हातोडी अंगावर पडली आणि तो घसरू लागला. तिच्या लखलखीत तोंडात त्याने स्वतःला पहिल्यांदाच नीट पाहिले, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच्या अंगावर हातोडीला टिकून राहायला जागाच नव्हती. टोकापासून निघालेल्या दोन्ही कडा उतरत उतरत एकाच खाचेत जात होत्या. मार कुठेही बसो, शेवट त्या खाचेत, म्हणजे शून्यावर. ज्याला तो हृदय समजत आला होता तो नुसता उतार होता, आणि तो कुणीतरी फार विचार करून आखला होता.

तरीही तो अडला. खाचेच्या अगदी अलीकडे, खांदा देऊन, जिवाच्या आकांताने. पोलादावर पोलाद करकरले, चरा उठला. वर धाव थांबली ती शून्याच्या केसभर अलीकडे.

"घोडा," ती पुटपुटली. "वळणावर."

तिला आठवत होते! बदामाला रडू की हसू कळेना.

पण तेवढा केसभर फरक पुरला. राज्याचे मागचे झाकण उघडले आणि भिंगाआडून एक अवाढव्य डोळा आत वाकला.

"सुई केसभर अलीकडे थांबतेय."

"एवढ्यानं काय बिघडतं, साहेब?" शेजारून कुणीतरी विचारले.

"आज केसभर चालवून घेतलं, तर उद्या बोटभर चालवून घ्यावं लागेल. बदाम बदला."

चिमट्याने त्याला उचलून बाजूला ठेवले. दांड्यावर नवा बदाम बसला, वरची कळ दाबली, खालची दाबली. धाव अचूक शून्यावर आली.

"अगं, घोडा! वळणावरचा!" जुना बदाम तिथून ओरडला.

"कोण रे हा?" तिने नव्या बदामाला विचारले.

जुन्या बदामाला एका डबीत टाकले. तिथे आधीचे पंचवीस-तीस बदाम पडलेले होते. झिजलेले म्हातारे असतील, असे त्याला वाटले. डबीचे झाकण लागेपर्यंत त्याने एकेकाकडे निरखून पाहिले. झिजलेला एकही नव्हता. प्रत्येकाच्या खांद्यावर, खाचेच्या अगदी अलीकडे, एक चरा होता.