दोराला पडलेल्या गाठी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा विहिरीतली कासवं बोलायची आणि माणसं थांबून ऐकायची.

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी एक घर होतं. घरात एक खटपट्या राहायचा, त्याची आई राहायची, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची बायको. बायको बोलायची कमी. बघायची मात्र सगळं.

त्या घराची एक रीत होती. नव्या सुनेनं पहिला पोहरा काढण्याआधी विहिरीतल्या म्हाताऱ्या कासवाला मूठभर भात टाकायचा. सुनेनं टाकला. खालून आवाज आला, "मीठ बेतात आहे. नांदशील."

तेव्हापासून दोघांचं जमलं.

खटपट्याचा जीव बायकोवर, आणि त्याखालोखाल लाकडी चाकांवर. माहेरच्या अंगणातला सुतारपक्षी तिला आठवतो हे कळल्यावर त्यानं विहिरीजवळ ओढ्यात एक इवलंसं चाक बसवलं आणि त्याला लाकडी सुतारपक्षी जोडला. पाणी वाहिलं की पक्षी फळीवर टकटक करायचा. त्याची चोच जरा वाकडी झाली होती. तिला तीच फार आवडली.

पण तिथेच थांबला असता, तर तो खटपट्या कसला!

"तुझे हात दुखतात," म्हणून त्यानं परसात मोठं चाक उभारलं आणि त्याला जातं जोडलं. मग ताकाची रवी. मग मुसळ. मग पाळणा.

"अरे, पाळण्यात आहे कोण?" आई म्हणाली.

"आई, तयारी आधीच असलेली बरी."

सून पदराआड हसली.

मोठ्या चाकाला पाणी लागे. म्हणून त्यानं ओढ्याला वरच्या अंगाला बांध घातला आणि पाणी पाटानं परसात वळवलं. चाक फिरवून झालं की ते मागच्या खडकाळ उतारावरून भलतीकडेच निघून जाई. दर नव्या यंत्राला बांध वीतभर उंच होई. विहिरीला पाझर देणारा शेजारचा ओढा बारीक होत गेला. सुतारपक्षी रेंगाळत टकटक करू लागला, पण मुसळाच्या दणदणाटात ते ऐकतो कोण?

जातं सुरू झालं, तेव्हाच एके दिवशी पोहरा पाण्याला टेकेनासा झाला होता. सुनेनं दोराला हातभर तुकडा बांधला. एक गाठ पडली. पुढे दर यंत्रामागे एक, अशी दुसरी, तिसरी, चौथी.

"सूनबाई," कासव म्हणालं, "पूर्वी तू माझ्याशी बोलायचीस. आता ओरडतेस."

"तुम्हीच खाली गेलात, आजोबा."

"मी कुठे जातोय? पाणी गेलं, त्याच्याबरोबर मला जावं लागलं. अजून थोडं गेलं की नुसता चिखल. मग भात टाकू नकोस. खायला मी नसेन."

तिनं पोहरा तिथेच ठेवला. तशीच ती नवऱ्याकडे गेली. "अहो, विहिरीला दोर पुरत नाही."

त्याचे डोळे चमकले. "एवढंच ना? रहाट करतो! चाकाला जोडला, की पोहरे आपोआप वर येतील. तुला दोराला हातसुद्धा लावायला नको."

"पण पाणीच..."

तो करवत आणायला गेलासुद्धा.

रहाट देखणा झाला. पण तो फिरवायला पाण्याचा जोर कमी पडे, म्हणून बांध आणखी दोन दगड उंच झाला. आता ओढ्याचा थेंबही खाली उतरेना. सुतारपक्षी गप्प झाला. रहाट जितका जोरात फिरे, तितकी विहीर आटत जाई.

आठव्या दिवशी पोहरे रिकामेच वर आले. एक रिकामा, दुसरा रिकामा. तिसरा मात्र जड होता. त्यात चिखलानं माखलेलं कासव बसलं होतं.

"रहाट उत्तम आहे हो," ते धापा टाकत म्हणालं. "पाणी संपलं, तर मलाच उपसून काढलंत."

खटपट्यानं धावत जाऊन रहाट थांबवला. सुनेनं खुंटीवरचा जुना दोर आणून त्याच्या हातात दिला.

"ही गाठ जात्याची," ती म्हणाली. "ही रवीची. ही मुसळाची. ही रिकाम्या पाळण्याची."

"आणि रहाटाची?"

"तिथे दोरच संपला."

तो गाठी चाचपत राहिला. "मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले की. तुम्ही करवत आणायला गेला होतात."

त्यानं दोर खाली ठेवला आणि थेट बांधावर गेला. स्वतः रचलेला एकेक दगड त्यानं स्वतःच्या हातानं काढला. कासव तोवर स्वयंपाकघरात घंगाळात राहिलं आणि आमटीत मीठ जास्त झालं की सांगत राहिलं. आईला ते अजिबात आवडलं नाही, पण मीठ बेतात पडू लागलं.

हळूहळू विहिरीला पाझर फुटला. कासव आपल्या घरी गेलं. एका सकाळी ओढ्याकडून पुन्हा वाकड्या चोचीची टकटक ऐकू आली, तेव्हा सून हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर धावली.

त्या घरात पुढेही खटपट चालूच राहिली. पण टकटक मंदावली, की हातातली करवत खाली ठेवायची, असं ठरलं. जातं दोघं समोरासमोर बसून ओढू लागले. आणि पाळणा? तो वर्षभरानं लागला. त्याची दोरी खटपट्या आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधून हलवायचा.

तात्पर्य : घरात सोय जरूर आणावी, पण ती कुणाचं पाणी तोडून येते, ते आधी बघावं.