बेहड्याचा कारभारी

कोकणातल्या वाटांना अजून डांबर ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका देवराईत ढोल्यांनी भरलेला म्हातारा बेहडा होता. पूर्वी पाखरं स्वतः येऊन त्याच्याकडे जागा मागायची, भाडं म्हणून खोडातल्या अळ्या वेचायची आणि वर तासभर गप्पा मारायची. वय झालं तसा त्याने सरड्याला कारभारी नेमलं. सगळी दगदग थांबली, पण त्या गप्पा त्याला अजून आठवत.

एक दिवस सरडा तणतणत आला. "आजोबा, धनेशीण माजलीय! न विचारता ढोलीचं दार चिखलाने लिंपलंय. सुतारपक्ष्याला सांगून फोडतो."

"तुला वाटेल ते कर," बेहडा म्हणाला.

सुतारपक्ष्याची चोच चिखलावर पडली, तशी आतून किंकाळी आली. "फोडू नका हो! माझी पिसं झडलीत, पिल्लं उघडी आहेत. साप आला तर पळू कशी?"

बेहडा दचकला. "थांब रे सुतारा! पोरी, मला आधी का नाही सांगितलंस?"

"सरडेभाऊंना सांगितलं होतं. ते म्हणाले, आजोबा भाडेकरूंशी बोलत नाहीत."

बेहड्याला हिची आजी आठवली. अंडी घालायला ढोलीत शिरून आतून दार लिंपण्याआधी ती त्याला सांगायची.

"दार राहू दे," तो म्हणाला. "आणि यापुढे सगळ्यांनी मलाच हाक मारा."

"मग माझं काय?" सरडा पुटपुटला.

"तुला जागा हवी असेल तर तूही माग की."

सरड्याने दोनदा मान हलवली. मग हळूच म्हणाला, "आजोबा, मुळापाशी ऊन येतं, ती भेग रिकामी आहे का?"